तिसऱ्या खोलीतील घंटा

गोषवारा हा शब्द मी प्रथम ऐकला तो आजोळी, तलाठ्याच्या दप्तराच्या संदर्भात. गावच्या जमिनीचा, पिकांचा, वसुलीचा आणि थकबाकीचा पानोपानी पसरलेला पसारा शेवटच्या एका पानावर आकड्यांच्या चार ओळींत कसा आणून बसवितात, हे आजोबा मोठ्या कौतुकाने दाखवीत असत. आणि ज्याचा गोषवारा जुळत नाही त्याच्या आतल्या पानांवर विश्वास ठेवू नये, असा त्यांचा दंडक होता. दूरसंचार अभियंता म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे तारा, मनोरे आणि आकाशके यांच्या सहवासात घालविल्यानंतर त्या शब्दाशी माझी पुन्हा गाठ पडली ती गेल्या पावसाळ्यात, जेव्हा कोलकात्यास हिवाळ्यात भरणाऱ्या एका मोठ्या तंत्रज्ञान परिषदेत भाषण करण्याची हौस धरून मी आपल्या कामाचे सार तीनशे शब्दांत उतरवावयास बसलो. तीनशे शब्दांत तीन वर्षांचे काम मावेना. आणि मावले तेव्हा ते काम पूर्वी वाटत होते तितके मोठे राहिलेले नाही, हेही ध्यानात आले.

ज्यांचा या सृष्टीशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी येथील शिरस्ता थोडक्यात सांगणे इष्ट. अशा परिषदेत बोलावयाचे तर प्रथम असा गोषवारा अर्जासारखा पाठवावा लागतो. तो ज्यांच्याकडे तपासणीस जातो त्यांची नावे अर्जदारास कळत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी अर्जदाराचेही नाव त्यांना कळू देत नाहीत. काही आठवड्यांनी मंजुरीचे किंवा नामंजुरीचे पत्र येते, सोबत तपासनिसांचे शेरे असतात, आणि त्या शेऱ्यांत एखादा तरी असा असतो की ज्याने आपला निबंध वाचलाच नाही याविषयी आपली खात्री पटते, व एखादा असा की ज्याने तो आपल्यापेक्षाही बारकाईने वाचला याविषयी. मंजुरी मिळालेल्यांपैकी काहींना भिंतीवर तक्ता लावून त्यापाशी उभे राहण्याची मुभा मिळते, काहींना सभागृहात पंधरा मिनिटे भाषण आणि पाच मिनिटे प्रश्नोत्तरे इतका अवधी मिळतो, आणि दोघातिघा नामवंतांना, ज्यांनी गोषवारा पाठविलेलाच नसतो, तासभर बोलावयास आदराने पाचारण करण्यात येते. मला पंधरा मिनिटे मिळाली होती.

महाराष्ट्रातल्या माणसाला पंधरा मिनिटांचे भाषण ही कल्पनाच सहन होत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या छायेत ज्यांचे कान तयार झाले, त्यांच्या हिशेबी पंधरा मिनिटे म्हणजे अध्यक्षांच्या परिचयाचा आणि वक्त्याच्या खाकरण्याचा अवधी. परंतु व्याख्यान आणि परिषदेतील निवेदन यांत अवधीपेक्षाही एक मोठे अंतर आहे. व्याख्याता श्रोत्यांना माहीत नसलेले सांगतो, आणि श्रोते ते विश्वासाने घेतात. परिषदेच्या व्यासपीठावर उभ्या असलेल्या अभियंत्यासमोर मात्र तेच काम करणारी, कदाचित अधिक चांगले करणारी माणसे बसलेली असतात, आणि त्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही करावयाची नसते. त्याला आपला दाखला द्यावा लागतो, उलटतपासणीस हजर राहावे लागते, आणि त्याच्या म्हणण्याची रुजुवात तेथल्या तेथे होते किंवा होत नाही. म्हणून त्याला मी भाषण न म्हणता कैफियत म्हणतो.

ही कैफियत कोलकात्यास द्यावयाची होती याला माझ्या लेखी एक विशेष अर्थ होता. माझा विषय होता मिलिमीटर तरंग. भ्रमणध्वनीच्या पाचव्या पिढीसाठी आपल्या देशात 2022 साली ज्या लहरपट्ट्यांचा लिलाव झाला त्यांत 26 गिगाहर्ट्झचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यातील तरंगाची लांबी साधारण साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढी भरते. त्याहूनही आखूड, पाच मिलिमीटर लांबीचे, सेकंदाला सहा हजार कोटी आंदोलने करणारे तरंग एका खोलीतल्या खोलीत प्रचंड वेगाने माहिती पोहोचविण्यास वापरतात. हे सारे अगदी अलीकडचे, असे माझ्या तरुण सहकाऱ्यांना वाटते. वस्तुतः हे पाच मिलिमीटरचे तरंग निर्माण करून, त्यांचे परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवण (म्हणजे आंदोलने एकाच दिशेत बांधली जाणे) सिद्ध करून दाखविणारा मनुष्य याच शहरात, प्रेसिडेन्सी कॉलेजात, 1894 ते 1896 या काळात काम करीत होता. जगदीशचंद्र बसू हे त्यांचे नाव. आपण मराठीत त्यांना बहुधा वनस्पतींच्या संवेदनांचे शास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, आणि त्यांची ही पूर्वीची कामगिरी शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात उरकतो.

बसू पेशाने अभियंते नव्हते, भौतिकीचे अध्यापक होते. परंतु यंत्र हाताने जुळवून, ते पेटीत घालून, परक्या सभेत मांडून, भर सभेत चालवून दाखविणे हे जर अभियंत्याचे लक्षण असेल तर त्या काळी त्यांच्या तोडीचा अभियंता विरळा. 1885 साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले तेव्हा युरोपीय अध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केल्याबद्दल त्यांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही आणि काम मात्र एक दिवसही चुकविले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. प्रयोगशाळा अशी नव्हतीच; एक लहानशी खोली आणि हाताशी एक पत्र्याचे काम करणारा कारागीर एवढ्या सामग्रीवर त्यांनी आरंभ केला. 1894 च्या 30 नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, यापुढील आयुष्य संशोधनास वाहण्याचा त्यांनी निश्चय केला, आणि अवघ्या सहा महिन्यांत, 1895 च्या मे महिन्यात, त्यांचा पहिला निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला.

त्यांच्या कामाचे मर्म ध्यानात येण्यासाठी हाइनरिश हर्ट्झकडे थोडे मागे जावे लागते. विद्युत्‌तरंग हे प्रकाशाचेच भाऊबंद आहेत हे हर्ट्झने 1888 मध्ये दाखविले; पण त्याचे तरंग आखूडातले आखूड म्हटले तरी हातभर लांबीचे होते. तरंग जितका लांब तितकी त्याला वळविणारी, परतविणारी साधने मोठी लागतात. होडीच्या मागे उठणारी लाट अडवावयास दगड पुरतो, भरतीची लाट अडवावयास बंधारा लागतो. हर्ट्झला आपल्या तरंगांचे वक्रीभवन दाखविण्यासाठी डांबराचा जो लोलक ओतवून घ्यावा लागला तो सुमारे दीड मीटर उंच आणि सहाशे किलो वजनाचा होता. असला लोलक घेऊन कोण कोणत्या सभेस जाणार! बसूंनी तरंगच पाच मिलिमीटरांवर आणला, आणि त्याबरोबर आरसे, भिंगे, लोलक, नळ्या ही सारी सामग्री एका मेजावर मावेल इतकी आटोक्यात आली. या आखूडपणाचे शास्त्रीय लाभ ग्रंथांत दिलेले असतात. पण पेटीत घालून नेता येणे हा त्याचा जो व्यावहारिक लाभ, त्याचे महत्त्व ज्याने रेल्वेच्या फलाटावर आपले उपकरण हमालाच्या डोक्यावरून उतरताना धडधडत्या काळजाने पाहिले आहे त्यालाच कळेल.

सामग्री तरी कसली! तरंगांचा मार्ग निश्चित करणारी पोकळ नळी आणि तिचे कर्ण्यासारखे तोंड, जे आजही प्रत्येक प्रयोगशाळेत दिसते. तरंग ओळखणाऱ्या यंत्रात लोखंडाच्या किसाऐवजी बारीक सर्पिल तारांची रांग, कारण कलकत्त्याच्या दमट हवेत किसाला गंज चढे आणि यंत्र लहरीपणा करी. तरंगांचे ध्रुवण पिळून दाखविण्यासाठी ताग, बंगालच्या शेतात उगवणारा साधा ताग, दोरासारखा पीळ दिलेला. आणि ध्रुवण करण्याचे साधन म्हणून, पानापानांत कथलाचे पातळ पत्रे घातलेले ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक. ज्या वेळापत्रकाने विलायतेतील प्रवाशांच्या पिढ्यांना गोंधळात टाकले त्याचा इतका निःसंदिग्ध उपयोग दुसऱ्या कोणी केलेला माझ्या वाचनात नाही.

1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जो जाहीर प्रयोग झाला तो या शहराच्या स्मृतीत आजही आहे. पांढऱ्या डोरिक खांबांची ती वास्तू 1813 पासून सभा-समारंभांचे स्थान. अध्यक्षस्थानी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे लोकांच्या भाषेत छोटे लाटसाहेब. एका दालनात तरंग निर्माण करणारे यंत्र, आणि पंचाहत्तर फुटांवर, भिंतींच्या पलीकडे, तिसऱ्या खोलीत ग्राहक यंत्र. मधे भिंती, आणि खुद्द लाटसाहेबांचा देह. बसूंनी ठिणगी पाडली. तिसऱ्या खोलीतील घंटा वाजली, आणि बंदुकीच्या दारूचा एक लहानसा सुरुंग उडाला. दोन यंत्रांमध्ये तार नव्हती. सभेतील बहुतेकांना तरंग म्हणजे काय हे कळले नसेल. घंटा वाजलेली मात्र सर्वांना कळली.

पुढल्याच वर्षी, 1896 च्या सप्टेंबरात, बसू लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनात उभे राहिले. आजच्या अर्थाने जिला मोठी परिषद म्हणावे अशी ती सभा होती. भौतिकी विभागाचे अध्यक्ष जे. जे. टॉमसन, श्रोत्यांत वृद्ध लॉर्ड केल्विन. ज्या विषयात त्या श्रोत्यांचे आयुष्य गेलेले, त्याच विषयावर वसाहतीतून आलेल्या, युरोपात अनोळखी अशा अध्यापकाने त्यांच्यासमोर कैफियत द्यावयाची होती, आणि तीही बंगालमध्ये बनविलेल्या यंत्राच्या साक्षीने. यंत्र चालले. सभा संपल्यावर पायाने अधू असलेले केल्विन जिना चढून वर सज्जात गेले, तेथे बसलेल्या अबला बसूंचे दोन्ही हात हाती घेऊन त्यांनी पतीच्या कामगिरीबद्दल अभिनंदन केले. बसूंचे चरित्रकार पॅट्रिक गेडिस यांनी नमूद केलेला हा प्रसंग मला नेहमीच विशेष वाटत आला आहे. कारण परिषदेतील टाळ्यांना फारसा अर्थ नसतो, त्या सर्वांनाच मिळतात, पण जाणत्या माणसाने जिना चढून जाणे ही निराळी गोष्ट. आणखी एक योगायोग असा की याच अधिवेशनात ब्रिटिश डाकखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी मार्कोनी नावाच्या एका इटालियन तरुणाच्या बिनतारी प्रयोगांची वार्ता सभेला दिली.

1897 च्या 29 जानेवारीस, शुक्रवारी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बसूंचे व्याख्यान झाले. फॅरडेने सुरू केलेल्या या शुक्रवारच्या सायंव्याख्यानांचे रिवाज कडक आहेत: ठोक्याला आरंभ, प्रास्ताविक नाही, नमस्कार-चमत्कार नाही, आणि तास संपता व्याख्यान संपलेच पाहिजे. व्याख्यानापूर्वी वक्त्यास एका खोलीत कोंडून ठेवण्याचीही तेथे चाल होती, आणि तिचे कारण असे सांगतात की व्हीटस्टन नावाचा थोर पण भिडस्त शास्त्रज्ञ एकदा ऐनवेळी पळून गेला होता. आख्यायिका खरी असो वा नसो, पहिल्याच वेळी व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी उभा असलेला कोणताही मनुष्य तिच्यावर चटकन विश्वास ठेवील.

या काळात बसूंनी आपल्या यंत्रांची रचना कोठेही दडविली नाही, आणि धंद्याच्या जगास त्याचेच नवल वाटे. 1901 च्या मे महिन्यातील दुसऱ्या शुक्रवारच्या व्याख्यानापूर्वी थोडाच वेळ एका प्रसिद्ध तार-कंपनीचा कोट्यधीश मालक पेटंटचा कागद हाती घेऊन त्यांच्या भेटीस आला, आणि आज सभेत सर्व काही उघड करू नका, यात पैसा आहे, असे विनवू लागला. हा वृत्तान्त त्यांनी स्वतः आपले मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांस पत्रातून कळविला आहे. त्यांनी नकार दिला. पुढे स्नेह्यांच्या आग्रहाने, विशेषतः सारा बुल या अमेरिकन बाईंच्या खटपटीने, एका ग्राहक यंत्राचे अमेरिकन पेटंट 1904 मध्ये त्यांच्या नावे झाले खरे, पण त्यावर धन मिळविण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती. याला कोणी औदार्य म्हणतात, कोणी अव्यवहार. माझ्या मते याचे एक साधे कारणही असावे: जे दाखवावयाचे आहे ते अर्धे झाकून दाखविले तर सभेत घंटा वाजते, पण ती का वाजली हे कोणास तपासता येत नाही, आणि अशा प्रयोगाला जादूगार टाळ्या घेतो, शास्त्रज्ञ घेत नाही.

हे सारे मनात घोळवीत मी कोलकात्याच्या पूर्वेस नव्याने वसलेल्या न्यू टाऊन भागातील त्या विस्तीर्ण सभागृहात दाखल झालो. गळ्यात बिल्ला, खांद्यावर परिषदेची पिशवी, पिशवीत निबंधांच्या गोषवाऱ्यांचे जाडजूड पुस्तक. एकाच वेळी अनेक दालनांत सत्रे चालू, त्यामुळे आपल्या दालनात जो श्रोता येतो तो दुसऱ्या कोणाचे तरी भाषण सोडून आलेला असतो, आणि ही जाणीव वक्त्यास सुखावहही वाटते व भयावहही. जनसंमर्द सत्रांपेक्षा मधल्या सज्जात अधिक होता. तेथे मातीच्या भांड्यातून चहा पीत माणसे जे बोलत होती तेच परिषदेचे खरे कामकाज, असे जाणते लोक सांगतात, आणि मला ते पटते. कारण आपले फसलेले प्रयोग कोणी छापत नाही, ते चहाबरोबरच सांगितले जातात.

माझ्या सत्राच्या आधी दहा मिनिटे माझा संगणक आणि तेथील पडदा यांचे जुळेना. केबलीची टोके निराळी. माझी चित्रे पडद्यावर येण्याऐवजी पडदा निळा, स्तब्ध आणि निर्विकार. स्वयंसेवक म्हणून नेमलेला एक बंगाली विद्यार्थी मात्र अविचल होता. “चिंता कोरबेन ना, दादा,” असे म्हणून तो नाहीसा झाला, आणि भाषणाच्या घोषणेबरोबरच कोठून तरी एक जोडणी पैदा करून परतला. माझ्या वयाच्या माणसाला पुण्यात आता सारे काका म्हणतात. दादा या संबोधनाने घसा एकदम मोकळा झाला, हे कबूल केले पाहिजे.

मी सोबत एक लहानसा संच नेला होता: पाच मिलिमीटर तरंगांचा एक प्रेषक, तीन मीटरांवर एक ग्राहक, आणि तरंग पोहोचत असेतोवर अखंड वाजणारा एक ध्वनिक्षेपक. तरंग पोहोचताना ऐकू यावेत, एवढाच हेतू. सहा मिनिटे झाली असतील, आलेख चालू होते, स्वर मंद वाजत होता, तोच सत्राध्यक्ष वेळेची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवण्यासाठी सौजन्याने उठले आणि प्रेषक व ग्राहक यांच्या नेमके मधे येऊन उभे राहिले. स्वर तटकन थांबला. सभेला वाटले यंत्र बिघडले. मलाही क्षणभर तसेच वाटले. अध्यक्ष दचकून बाजूस झाले, स्वर परत आला. ते पुन्हा मधे सरकले, स्वर गेला. मग मात्र सभा हसली, आणि अध्यक्षही हसले, आणि मानवी देह या तरंगांना कसा आडवा येतो हे समजाविण्यासाठी तयार केलेली माझी पुढली चार चित्रे दाखविण्याचे प्रयोजनच उरले नाही. मी ती गाळली. त्याने भाषण वेळेत संपले, हा आणखी एक लाभ.

प्रश्नोत्तरांत पहिला हात वर झाला तो मागल्या रांगेतील एका मुलीचा. तिने नम्रपणे विचारले, “सर, जगदीशचंद्रांचे तरंग छोट्या लाटसाहेबांमधून पार गेले. मग आपले तरंग अध्यक्षांपाशी का थांबले?”

सभागृहात पुन्हा हशा उसळला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि मला त्याचे उत्तर देण्यास जी मिनिटे लागली ती माझ्या भाषणाहून उपयुक्त ठरली असावीत. ठिणगीतून निघणारे तरंग एकाच शुद्ध लांबीचे नसतात, त्यांत लांब-आखूड असे मिश्रण असते, आणि लांब तरंग देहाला वळसा घालून पलीकडे जाऊ शकतात, जसा भिंतीआडून आवाज येतो पण प्रकाश येत नाही. शिवाय दालनाच्या भिंतींवरून परतलेले तरंगही कामास येतात. तथापि खरा भेद याहून निराळ्या ठिकाणी आहे. बसूंच्या ग्राहक यंत्राला केवळ एक धक्का पुरत होता: तरंगांचा अल्पसा अंश जरी पोहोचला तरी सर्पिल तारांच्या संधींतून विजेचा प्रवाह एकदम वाढे, त्याने दुसरे यंत्र चालू होई, आणि घंटेला लागणारे बळ त्या दुसऱ्या यंत्रातील घटमालेतून मिळे. तरंगाला घंटा वाजवावयाची नव्हती, फक्त घंटा वाजविणाऱ्याला जागे करावयाचे होते. माझ्या यंत्राला मात्र तरंगांची अखंड, स्वच्छ धार हवी, कारण त्या धारेवरून प्रत्येक सेकंदाला कोट्यवधी खुणा वाचावयाच्या असतात. जागे करण्याने त्याचे भागत नाही, त्याला संपूर्ण पत्र वाचून दाखवावे लागते. भिंती ओलांडताना तरंगांची शक्ती फार क्षीण होते, आणि म्हणून टाऊन हॉलच्या त्या प्रयोगात नवलाची वस्तू कोणती असेल तर ती ठिणगी नव्हे, तिसऱ्या खोलीतील कान होय.

दुसऱ्या दिवशी सत्रे चुकवून मी आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावर गेलो. याचे जुने नाव अप्पर सर्क्युलर रोड, आणि मराठी माणसाने तेथे जरा संकोचानेच चालावे, कारण नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आल्या तेव्हा कलकत्तेकरांनी 1742 मध्ये भयाने जो मराठा खंदक खणला, तो बुजवून पुढे हा रस्ता झाला. बर्गी म्हणून आमच्या घोडेस्वारांचा धाक तेथील अंगाईगीतात अजून नांदतो. त्या बुजलेल्या खंदकाच्या काठी बसूंनी 1917 च्या 30 नोव्हेंबरला, म्हणजे पुन्हा वाढदिवशी, आपले विज्ञानमंदिर उघडले. तिथल्या संग्रहात त्यांची यंत्रे जपून ठेवलेली आहेत, आणि ती पाहताना प्रथम मनात येते ते एवढेच, की ही किती लहान आहेत. आमच्या लोकांपैकी सर्वच या रस्त्यावर तलवार घेऊन आले असेही नव्हे. नामदार गोखले कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यास राहत तेव्हा रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे जवळजवळ शेजारीच होते, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. आणि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स या देशातील अभियंत्यांच्या संस्थेची कचेरी आज ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव गोखले रोड.

सायंकाळी पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील एशियाटिक सोसायटीच्या आवारात थोडा थांबलो. 1914 च्या जानेवारीत 15 ते 17 तारखेपर्यंत भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन येथे भरले. आशुतोष मुखर्जी अध्यक्ष, एकशे पाच शास्त्रज्ञ हजर, पस्तीस निबंध. सर राजेंद्रनाथ मुखर्जींसारखा, परीक्षा पुरी न करताच महाविद्यालय सोडलेला पण व्हिक्टोरिया मेमोरियल उभारणाऱ्या कंपनीचा भागीदार झालेला अभियंता 1921 मध्ये त्याच परिषदेचा अध्यक्ष झाला. पस्तीस निबंध! प्रत्येक श्रोत्याने प्रत्येक निबंध ऐकला असणे तेथे अशक्य नव्हते. आमच्या परिषदेत माझ्या शेजारच्या दालनात काय चालले होते हे मला आजतागायत ठाऊक नाही.

हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने परतताना पिशवीतील ते गोषवाऱ्यांचे पुस्तक चाळीत होतो, आणि ब्रॅडशॉ आठवले. घरी पोहोचल्यावर सौ.ने पोळ्या गुंडाळण्यासाठी आणलेला चंदेरी कागद मागून घेतला, त्याचे तुकडे कापून पुस्तकाच्या दर चार पानांमागे एक असे घातले, आणि ते उभे धरून, कडेच्या बाजूने, प्रेषक व ग्राहक यांच्यामध्ये ठेवले. स्वर चालूच राहिला. पुस्तक हळूहळू पाव वळसा फिरविले. स्वर क्षीण होत गेला आणि थांबला. परत फिरविले, परत वाजू लागला. बसूंनी जे सव्वाशे वर्षांपूर्वी केले ते चारदा करून पाहिले, मग पुस्तक मेजावर उघडे टाकले तेव्हा दिसले की चंदेरी कागदाचा एक तुकडा 42 व्या पानावर, माझ्याच गोषवाऱ्यावर, नेमका आडवा चिकटला होता.